चालू मोटार न खोलणारे चाचा

भोर तालुक्यातल्या आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या यच्चयावत पाण्याच्या मोटारींशी ज्याचं वैयक्तिक बोलणं होतं असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिला. बोलणं होतं असं मी उगाच म्हणत नाही. चाचा मोटारीशी खरोखरच बोलत. विहिरीवर पोचले की आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, मग खाली बसून फूटभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर तिच्या अंगाला टेकवायचा, मुठीकडचं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटून विचारायचं, "काय गं, काय झालं तुला?" त्यानंतर बराच वेळ ते नुसते "हं... हं..." करत राहत. शेतकरी बिचारा दवाखान्यात उभ्या असलेल्या नातेवाइकासारखा तोंड पाडून उभा. शेवटी डोळे उघडून चाचा निकाल सांगत, "बेरिंग चांगलंय. आतला पंखा घासतोय. आन तुमी परवा हिला बिनपान्याची चालवली व्हती. खरं बोला." आणि शेतकरी खरं बोलत असे.

मी त्या वेळी भोरच्या टेलिफोन कचेरीत कामाला होते. चाचांचा टेलिफोनवर विश्वास होता, पण तारेवर नव्हता. वेल्ह्याला फोन लावून दिला की ते खुर्चीवरून उठून उभे राहत आणि खिडकीतून वेल्ह्याच्या दिशेनं ओरडत. मी म्हणायची, "चाचा, हळू बोललात तरी ऐकू जातं." ते म्हणत, "ताई, मधी डोंगर हायेत." एकदा डोंगरातल्या एका गावची मोटार बंद पडली. पावसानं रस्ता तुटलेला, चाचांची लूना तिकडे जाईना. तर यांनी तिथल्या सरपंचांना फोनची वायर खिडकीतून बाहेर ओढायला लावली, आवारातल्या मोटारीला रिसीव्हर चिकटवायला सांगितला, आणि इकडे माझ्या टेबलाशी डोळे मिटून ती आजारी घरघर पाच मिनिटं ऐकली. मग रिसीव्हरमध्ये ओरडले, "सरपंच, कचरा अडाकलाय! खालची जाळी साफ करा!" मोटार संध्याकाळी सुरू झाली. पुढे महिनाभर आमच्या साहेबांना लोक विचारत होते, की मोटारीचा ट्रंक कॉल लावायचा असेल तर अर्ज कुठं करायचा.

पाहुणे म्हणून ते कुणाकडे गेले तर चहाच्या आधी नळ बघत. नळाला गळती असेल तर चहा थांबे. उत्रोलीला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांबरोबर त्यांना फोटोसाठी बोलावलं, तर चाचा मांडवात नाहीत. शोधाशोध झाली. गच्चीवरच्या टाकीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते बॉल-कॉक बसवत होते, नवी शेरवानी बाहेर पत्र्यावर नीट घडी घालून ठेवलेली. "पंगतीत पानी कमी पडलं आसतं," एवढंच त्यांनी स्पष्टीकरण दिलं, आणि बनियनवरच फोटोला उभे राहिले. तो फोटो त्या घरात अजून भिंतीवर आहे म्हणतात.

या सगळ्या विक्षिप्तपणाला एक नियम होता, आणि तो ते कुराणातल्या आयतीइतक्या गंभीरपणे पाळत. चालू मोटार खोलायची नाही. आवाज करत असो, धूर ओकत असो, पाणी थोडं कमी देत असो, देतेय ना? मग हात लावायचा नाही. "चालतीया तवर चालू द्या," ते म्हणत. नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. तरुणपणी भोंगवलीला एका मोटारीत त्यांना बारीकशी शीळ ऐकू आली. मोटार उत्तम चालली होती, मालकाची काही तक्रार नव्हती, पण यांच्या कानाला राहवलं नाही. खोलली. आणि ती काही केल्या पुन्हा जुळेना. आठ दिवस गेले. भर उन्हात वांग्याची कोवळी रोपं माना टाकू लागली. चाचांनी मग बैलगाडीवर पिंपं चढवली आणि ओढ्यावरून पाणी आणून एकेका रोपाला स्वतः तांब्यानं घातलं. निम्मी जगली. मालक भला माणूस, एक शब्द बोलला नाही. "बोलला आसता तर बरं झालं आसतं," चाचा म्हणाले.

त्यांच्या मुलाचा टेम्पो होता. नसरापूरपासून वरच्या गावांपर्यंत माल पोचवायचा त्याचा धंदा. सून शाहीन, बारीक अंगाची, कमी बोलणारी. तिला मुलगी झाली, नसीम, तेव्हा सगळ्यांच्या आधी चाचांनी पोरीला हातात घेतलं आणि कान तिच्या छातीला लावला. बायका हसल्या. चाचा हसले नाहीत. आमच्या घरी आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "ताई, पोरीच्या छातीतला आवाज बरोबर न्हाई." भोरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि पुण्याला धाडलं.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात उलगडा झाला. माणसाच्या हृदयात एरवी दोन पंप असतात. एक रक्त फुप्फुसात ढकलतो, दुसरा ते ताजं होऊन आलं की अंगभर पाठवतो. नसीमला एकच पंप होता, दुसरा नीट तयारच झाला नव्हता. ती वर्षाची व्हायच्या आत तिचं एक ऑपरेशन झालं आणि अंगाच्या वरच्या भागातलं रक्त थेट फुप्फुसाच्या नळीत सोडलं. तेव्हा चाचांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही नियम काढला नाही. मोटार बंद पडायला आली होती, चालू नव्हती. पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की चार-पाच वर्षांची झाली की खालच्या भागाचं रक्तही तसंच जोडावं लागेल.

चार वर्षं झाली, पाच झाली. नसीम बोलायला पटाईत. बसल्या जागी दिवसभर टकळी चालू, चाचांच्या खिशातल्या वायसरांची ती चूल-भांडी मांडायची. ओठ मात्र जांभूळ खाल्ल्यासारखे, नखंही तशीच. चार पावलं भराभर चालली की उकिडवी बसायची. पुण्याहून बोलावणं आलं की चाचा म्हणत, "बोलतीया, हसतीया, जेवतीया. चालू हाय. चालू मोटारीला हात लावायचा न्हाई." मुलगा वडिलांपुढे बोलत नसे. असं करता करता सहावं सरत आलं.

एका दुपारी शाहीन माझ्याकडे आली. पदर नीट घेतलेला, हातात नसीमच्या कागदांची पिशवी. म्हणाली, "ताई, मी उद्याच्या एसटीनं पुन्याला चालले. अब्बांना सांगायला तुमी संगं चला, मला एकटीला बोलाया जमंल का न्हाई, ठावं न्हाई."

चाचा अंगणात एका मोटारीचं गुंडाळलेलं तांबं उलगडत बसले होते. मी विषय काढला. त्यांनी मान न उचलता नियम सांगितला. मी शाहीनकडे पाहिलं. ती खांबाला धरून उभी होती. म्हणाली, "अब्बा, तुमाला ती चालू दिसतीया. कारन तुमी तिला उचलून फिरवता. एकदा जिना चढवून बघा."

चाचांचे हात थांबले. आमच्या गच्चीला अकरा पायऱ्यांचा जिना होता. चाचांनी नसीमला हाक मारली. ती आनंदानं निघाली. तिला वाटलं खेळ आहे. चौथ्या पायरीवर खाली बसली. "थांबा हं दादा," ती आजोबांना म्हणाली, "जरा गोष्ट सांगते." आणि सांगू शकली नाही. नुसतं तोंड उघडं, ओठ शाईसारखे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ही पोर गोष्टी सांगते त्या दम खायला सांगते. चाचांच्याही आलं असावं. ते चौथ्या पायरीपर्यंत गेले आणि तिचा दम परत येईपर्यंत तिच्याशेजारी बसले. मग म्हणाले, "म्या येतो उद्या. पन खोलायचं का न्हाई ते मी बगून ठरवनार."

तर दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं पुण्यात. चाचांच्या अंगावर तीच शेरवानी, आणि तिच्या खिशात, का कोण जाणे, मोजायची टेप. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज मऊ पण बोलणं सरळ. चाचांनी नियम त्यांनाही सांगितला, भोंगवलीसकट. आता बाई चिडणार असं मला वाटलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचा नियम बरोबर आहे. मलाही न बघता उघडायला आवडत नाही. चला, उघडण्याआधी आम्ही काय करतो ते दाखवते."

शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे चाळिशीचे एक टक्कलवाले इंजिनिअर बसले होते. पूर्वी विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते याचा अभ्यास करायचे, आता लहान मुलांच्या हृदयातून रक्त कसं वाहतं ते बघायचे. गेल्या महिन्यात शाहीननंच नसीमला इथं आणून बोगद्यासारख्या मशीनमध्ये तिच्या हृदयाचे फोटो काढून घेतले होते, चाचांना न सांगता. ते तिनं आत्ता, खाली बघत, सांगून टाकलं. चाचांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

पडद्यावर एक निळसर-लाल आकार गरगर फिरत होता. "हे नसीमचं हृदय," इंजिनिअर म्हणाले.

नसीम दचकली. फ्रॉकवरून छाती चाचपून म्हणाली, "माझं? मग हितं आता काय हाय?"

सगळे हसले. शाहीनसुद्धा. मग इंजिनिअरांनी कामाचं सांगायला सुरुवात केली. खालून येणाऱ्या रक्तासाठी एक नळी टाकायची आणि ती फुप्फुसाच्या नळीला जोडायची. पण हे रक्त ढकलायला मध्ये पंप नाही, ते आपल्या दाबानं, हळू जाणार. त्यामुळं जोड कुठं द्यायचा, किती तिरपा द्यायचा, यावर सगळं अवलंबून.

चाचा ताठ झाले. "बिनपंपाची लाइन?"

"हो."

"आवो, मग ही आमच्या वेल्ह्याकडची झऱ्याची लाइन झाली! वरनं झऱ्याचं पानी आपलं आपन येतं. तितं एक कोपर वाकडा बसला, की शेवटच्या घराला घोटभर पानी मिळत न्हाई."

इंजिनिअरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. विमानवाल्यांमध्ये त्यांना इतकं चटकन समजणारा माणूस भेटला नसावा. त्यानंतर दीड तास आम्हा बाकीच्यांची त्या खोलीत काही गरज उरली नाही. पहिल्या आकारात वरून येणारी आणि खालून येणारी धार अगदी समोरासमोर आणली होती. पडद्यावर बारीक रेघा वाहू लागल्या आणि मधोमध त्यांचा गोंधळ झाला, भोवरा फिरू लागला. चाचांनी मांडीवर थाप मारली. "भांडान लागलं! समोरासमोर जोड दिला की भांडान लागनारच. उजवीकडं सारा त्याला, चांगला सारा."

"तो दुसरा आकार," इंजिनिअर म्हणाले आणि दाखवला. भोवरा गेला, रेघा छान वाहू लागल्या. चाचा विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळले. तेवढ्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता डाव्या फुप्फुसाकडे बघा."

डावीकडे खालच्या रक्ताची जेमतेम एखादी रेघ जात होती. बाईंनी सांगितलं, की खालचं रक्त यकृतातून येतं, आणि त्यातलं काहीतरी दोन्ही फुप्फुसांना लागतं. एकाला ते मिळालं नाही तर ते काही वर्षांत बिघडत जातं. म्हणजे नळी उजवीकडे फार सारली तर आज सगळं उत्तम दिसेल आणि मुलगी दहा वर्षांची झाली की त्रास सुरू होईल.

चाचा पडद्याकडे बघत राहिले. टेप खिशातून काढून हातात घेतली होती, ती हळूच परत ठेवली. "ह्ये माज्या ध्यानात आलं नसतं," ते म्हणाले. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

तिसरा आकार पाहिला, तोही नापास. चौथ्यात नळी किंचित बाजूला होती, आणि तिचं तोंड पसरट, जरा तिरपं कापलेलं. रेघा दोन्हीकडे सारख्या वाटल्या गेल्या. एक आकार तपासायला यंत्राला दोन दिवस लागतात, असं इंजिनिअर सांगत होते. चाचांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं, "म्हंजे ह्ये तीन तुमी चुकलात."

"हो, चुकलो."

"आन पोरीला त्यातलं काई लागलं न्हाई."

"नाही. ती इथं तुमच्या मांडीवर बसलीय."

"म्हंजे चुकायचं त्ये समदं हितंच चुकून घ्यायचं," चाचा सावकाश म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला ती माना टाकलेली वांग्याची रोपं आठवली, त्यांनाही आठवली असणार. पण लगेच मोटारवाला जागा झाला. "बाई, आन यंत्रच चुकलं तर?"

"चुकू शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यंत्राला मी फोटो देते तेवढंच कळतं. आत गेल्यावर काही वेगळं दिसलं तर निर्णय मलाच घ्यावा लागेल. धोका आहे. तो शून्य झालाय असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मला वाटलं, संपलं. चाचा आता उठून निघणार. पण त्यांनी हुश्श केलं. "धोका न्हाई म्हनाला आसता तर म्या पोरीला घिऊन गेलो आसतो," ते म्हणाले, आणि शाहीनकडे वळून म्हणाले, "कागद आन बेटा. तू कर सही. पयली तुजी."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नसीमला आत नेलं. शाहीन भिंतीला टेकून तसबीहची माळ ओढत होती, तिचा नवरा जिन्यापाशी उभा होता. चाचांना बसवेना. तासाभरानं ते दिसेनासे झाले. वॉचमन ओरडत आला, की तुमच्यातले एक म्हातारे बाथरूमचा नळ खोलून बसलेत. मी धावले. नळ चालू होता, गळतही नव्हता. चाचांनी तो चांगला नळ खोलून सगळे भाग रुमालावर ओळीनं मांडले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, बसवता येईना." मी एकेक भाग त्यांच्या हातात देत गेले आणि दोघांनी मिळून तो नळ बसवला. त्यांचा नियम त्यांनी मोडलेला मी पाहिला.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. मास्क खाली केला. "झालं. व्यवस्थित आहे. पण जुन्या ऑपरेशनच्या जागी आत बरंच चिकटलेलं होतं, ते आमच्या चित्रात एवढं दिसलं नव्हतं. म्हणून नळी ठरवली होती त्यापेक्षा थोडी अलीकडे घेतली."

"किती सूत?" चाचांनी विचारलं.

बाई थकलेल्या होत्या, तरी हसल्या. मिस्त्री लोकांच्या त्या मापात, सुतात, त्यांना सांगता येईना. त्यांनी बोटाच्या पेरावर नखानं अंतर दाखवलं. चाचांनी ते निरखून पाहिलं आणि मान हलवली. "तेवढं चालतंय," ते म्हणाले, जणू परवानगी द्यायची राहिली होती.

पण गोष्ट तिथं संपली नाही. नसीमच्या छातीत पाणी साठू लागलं. बरगड्यांमधून नळी घालून ते खाली बाटलीत सोडलं होतं. असं होतं काही मुलांना, बाई म्हणाल्या. आठवडा झाला, दोन झाले, बाटली भरतच राहिली. मी रविवारी रविवारी जायची. पहिल्या रविवारी चाचांनी मला समजावलं, "नवी लाइन हाय, पाझरनार. बसंल." दुसऱ्या रविवारी म्हणाले, "बसंल." तिसऱ्या रविवारी ते खाटेपाशी स्टुलावर बसून नुसते बाटलीकडे बघत होते, आणि नसीमही टकळी सोडून निजलेली. शाहीननं मला बाहेर नेऊन विचारलं, "ताई, म्या हट्ट केला. माजं चुकलं का?" आतून चाचांनी ते ऐकलं असावं. ते दारात आले. "बेटा, त्या जिन्यावर म्या तिला बगितलीया," ते म्हणाले. "तू हट्ट केला न्हाईस. म्या केला व्हता, दीड वरीस."

चौथ्या आठवड्यात बाटली रिकामी राहिली. नळी काढली. त्या रविवारी मी गेले तेव्हा नसीम उठून बसली होती आणि चाचांशी भांडत होती. त्यांनी तिच्या वाटणीची जेली खाल्ली असा तिचा आरोप होता. चांगली खणखणीत, एका दमात, मध्ये न थांबता ती भांडत होती, आणि चाचा मान खाली घालून ऐकत होते. तिचे ओठ कसे दिसतात ते मी मुद्दामच शेवटी पाहिलं. गुलाबी होते.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. चाचांचे फोन येत, साताऱ्याच्या अंतराला शोभेल एवढ्या आवाजात. नसीम शाळेत जाते, कवायतीत मागच्या रांगेत असते, दर सहा महिन्यांनी पुण्याला दाखवावं लागतं. ही दुरुस्ती आहे, नवं हृदय नव्हे, हे डॉक्टरबाईंनी त्यांना नीट सांगितलं होतं. मी एकदा त्याबद्दल हळूच विचारलं, तर म्हणाले, "ताई, दुरुस्तीवरच तर समदा तालुका पानी पितोय." मग फोन विरळ होत गेले. माझाही नंबर बदलला.

आणि एक दिवस कचेरीच्या पत्त्यावर पत्र आलं. आखीव कागद, गोल गोल अक्षर, काना-मात्रा जपून दिलेल्या. नसीमचं होतं. फोनवर रडू येतं म्हणून लिहिते, असं आधीच लिहिलं होतं. दादा गेले. सकाळी कामावर निघायचं म्हणून बूट घालत होते, तिथंच बाजेवर कलंडले. घरात ती आणि अम्मीच होत्या. अम्मीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "मग मी डॉक्टरांना आणायला गेले. रिक्षा नव्हती म्हणून पळत गेले, मावशी, पुलापर्यंत कुठंच थांबले नाही. डॉक्टर लगेच आले पण उशीर झाला होता. दादांना कळलं असेल का, मी पळत गेले ते?"

मी उत्तराचा कागद घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं, कळलं असेल बेटा, नक्की कळलं असेल.